पटकथेचा बाजार आणि आपण

(लिहिणाऱ्या युवकांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



मला दिलेला विषय एका प्रश्नाच्या स्वरूपात आहे. फिल्म बाजारात पटकथा लेखकाने जावे काय? गेल्याने त्याच्या पदरात काही पडते काय? हा प्रश्न विचारणारे माझ्यासमोर बसले आहेत. कुणी दिवसभर मोटारसायकलवरून पार्सलं पोचवतो. कुणी एम. ए. होऊन खाजगी क्लासमध्ये तासावर शिकवतो. एक भगिनी दवाखान्यातली पाळी संपवून रात्री लिहिते. प्रत्येकाच्या पिशवीत एकेक पटकथा आहे. गोव्याला जायचं म्हणजे नोंदणीची फी, गाडीभाडं, नोव्हेंबरातल्या हॉटेलांचे दर आणि वर बुडालेला रोज. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांचा महिन्याचा पगार. कानला जायचं म्हणजे तर व्हिसापासून सुरुवात. ज्याच्या बापाचे पैसे आहेत तो गंमत म्हणून जाऊन येईल. आपल्याला हिशेब मांडावाच लागतो.

म्हणून मी उत्तर आधीच देतो, मग कारणे सांगतो. नुसते लेखक म्हणून, एकट्याने, पटकथेचं बाड काखेत मारून विकायला जाणार असाल तर जाऊ नका. तिथे तुमचा माल घेणारा माणूसच बसलेला नसतो. पटकथा पुरी करून, कागद पक्के करून, निर्माता सोबत घेऊन किंवा कुठल्या लॅबमध्ये निवड होऊन जाणार असाल तर जरूर जा. आणि तिसरी गोष्ट, एकेकट्याने जाऊ नका. आपण गटाने जायला शिकले पाहिजे. हे तिसरे कसे ते शेवटी सांगतो.

आता बाजार म्हणजे काय ते पाहू. आपल्या लोकांना बाजार नवा नाही. आठवडी बाजार माहीत आहे, बैलबाजार माहीत आहे. बैलबाजारात दलाल काय करतो? रुमालाखाली हात घालतो, बोटं दाबतो, आणि सौदा होतो. बाजूला उभ्या असलेल्याला भाव कळत नाही. शहरात मजूर नाका आहे. सकाळी सात वाजता थापी, फावडं घेऊन माणसं उभी राहतात, मुकादम येतो, दंड चाचपून घेऊन जातो. फिल्म बाजार या दोन्हींचा थोरला भाऊ समजा. फक्त इथे वातानुकूलित हॉल असतो, गळ्यात कार्ड असतं, आणि दंडाऐवजी एका पानाचा सारांश चाचपतात.

सगळ्यात मोठा बाजार फ्रान्समध्ये कानला. महोत्सवाच्या जोडीने तो १९५९ साली सुरू झाला. दर मे महिन्यात तिथे आता सुमारे १५ हजार माणसं जमतात. दुसरा प्रसिद्ध बाजार अमेरिकेचा, १९८१ पासूनचा. त्याला महोत्सवाचा पदरसुद्धा नाही, निव्वळ खरेदी-विक्री. वर्षानुवर्षे तो सांता मोनिकाच्या हॉटेलात भरायचा. खोल्यांतल्या खाटा बाहेर काढायच्या, टेबलं मांडायची, दाराला कंपनीची पाटी लावायची, धंदा चालू. या बाजारात विकणारा कोण? विक्री एजंट. घेणारा कोण? वितरक, चॅनेलवाले, ओटीटीवाले. विकलं काय जातं? चित्रपटाचे हक्क. जर्मनीचे हक्क याला, जपानचे त्याला, विमानात दाखवायचे हक्क तिसऱ्याला. बरेचदा चित्रपट अजून झालेलाही नसतो. पोस्टर असतं, नटाचं नाव असतं, बजेटचा आकडा असतो, आणि तेवढ्यावर देशादेशाचे हक्क आगाऊ विकले जातात. त्या करारांच्या जोरावर कर्ज उभं राहतं आणि मग चित्रपट होतो. बाजारात तुरी म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. इथे तुरी पेरायच्या आधीच विकतात.

यात पटकथा लेखक कुठे बसतो? कुठेच नाही. त्याचा माल फार आधीच्या पायरीवरचा. सुतार लाकडाच्या वखारीत जातो, फर्निचरच्या दुकानात ओंडका घेऊन जात नाही. विक्री एजंटच्या टेबलावर ११० पानांची पटकथा ठेवली तर तो हसून म्हणेल, छान, निर्माता कोण? दिग्दर्शक कोण? नट कोण? यांची उत्तरं नसतील तर त्याच्या दृष्टीने तुमच्या हातात अजून काही नाही. तो माणूस वाईट आहे म्हणून नव्हे. त्याला दिवसाला वीस-पंचवीस भेटी उरकायच्या असतात आणि त्याचं दुकान वेगळं असतं.

इथे एक भ्रम फोडला पाहिजे. आपल्या वर्तमानपत्रांतून बातमी येते, अमुक मराठी चित्रपट कानला गेला. गावात बॅनर लागतात. वस्तुस्थिती काय असते? कानचा महोत्सव निराळा आणि कानचा बाजार निराळा. महोत्सवात निवड समिती चित्रपट निवडते. बाजारात पैसे भरून पडदा भाड्याने घेता येतो. गेली काही वर्षे महाराष्ट्र सरकारचे महामंडळ काही मराठी चित्रपट निवडून तिथल्या बाजारात दाखवायला पाठवते. ते चांगलेच आहे, पाठवावेत. पण ती महोत्सवातली निवड नव्हे. बाजारातल्या पडद्यासमोर खरेदीदार बसला तर फायदा, नाही बसला तर आपलीच चार माणसं टाळ्या वाजवून परत येतात. मी हे कुणाला हिणवायला सांगत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं की माझा चित्रपट कानला गेला होता, तुझी गोष्ट मला दे, तर एकच प्रश्न विचारा. महोत्सवात की बाजारात? उत्तर देताना त्याचा चेहरा बघा.

पण सगळे बाजार असे नाहीत. दुसरी एक जात आहे, हा शब्द मी मुद्दाम वापरतो. ती प्रकल्पांच्या बाजाराची. हॉलंडमध्ये रॉटरडॅमच्या महोत्सवात १९८३ पासून सिनेमार्ट नावाचा बाजार भरतो. तिथे तयार चित्रपट विकत नाहीत, व्हायच्या चित्रपटांना भागीदार शोधतात. आपल्याकडे एनएफडीसीने २००७ साली गोव्यात इफ्फीच्या जोडीने फिल्म बाजार सुरू केला, त्याचं एक अंग हेच. २०२५ पासून त्याला वेव्ज फिल्म बाजार म्हणतात. तिथे सहनिर्मितीचा बाजार आहे, अर्धवट झालेल्या चित्रपटांसाठी लॅब आहे, आणि आपल्या कामाची म्हणजे स्क्रीनरायटर्स लॅब आहे. या लॅबमध्ये दर वर्षी मोजक्या, सहा-आठ पटकथा निवडतात. अनुभवी लेखक त्या वाचून लेखकाबरोबर बसतात, झोडपतात, लेखक पुन्हा लिहितो, आणि शेवटी गोव्यात निर्मात्यांपुढे मांडणी करतो.

याचा फायदा झालेली उदाहरणं आहेत, ती नाकारून चालणार नाही. ‘द लंचबॉक्स’ घ्या. मुंबईचे डबेवाले, चुकीच्या पत्त्यावर गेलेला डबा. रितेश बत्रा यांची ही पटकथा २०१२ साली रॉटरडॅमच्या सिनेमार्टमध्ये होती. भारत, फ्रान्स, जर्मनी असे पैसे गोळा झाले, एनएफडीसीही त्यात होती, आणि २०१३ साली चित्रपट कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये गेला. ‘तितली’ची पटकथा एनएफडीसीच्या लॅबमधून गेली आणि २०१४ साली तो चित्रपट कानला पोचला. ‘मसान’ बघा. बनारसच्या घाटावर प्रेतं जाळणाऱ्या डोम घरातला पोरगा त्यात नायक आहे. त्या पटकथेला २०१४ साली सनडान्स संस्थेचा महिंद्रा पुरस्कार मिळाला, भारत-फ्रान्स मिळून निर्मिती झाली आणि २०१५ साली कानला त्याने दोन पारितोषिकं घेतली. दिग्दर्शक नीरज घायवान. आपण दलित आहोत हे तो माणूस उघड सांगतो. नाव झाल्यावर त्याने दलित, बहुजन, आदिवासी सहायक लेखक-दिग्दर्शक पाहिजेत असं जाहीर आवाहनही केलं होतं.

आता या उदाहरणांकडे नीट बघा. ‘लंचबॉक्स’चा लेखक स्वतःच दिग्दर्शक. ‘तितली’चा दिग्दर्शक कनू बहल सहलेखक. ‘मसान’ वरुण ग्रोवरने लिहिला, पण मांडायला दिग्दर्शक सोबत होता. म्हणजे पटकथा एकटी गेलेली नाही. तिच्याबरोबर ती पडद्यावर आणणारा माणूस होता. बाजारात कागदाला किंमत नाही, कागदामागे कोण उभा आहे त्याला किंमत आहे. ज्याला फक्त लिहायचं आहे, दिग्दर्शन करायचं नाही, त्याने घरून निघायच्या आधीच आपला दिग्दर्शक किंवा निर्माता शोधला पाहिजे. तो बाजारात सापडेल या आशेवर जाणं म्हणजे वरातीत नवरा शोधण्यासारखं आहे.

मी स्वतः गोव्याच्या बाजारात जाऊन आलोय. माझी पटकथा बँडवाल्यांची होती. तालुक्याच्या गावातला बँड, सगळे मातंग समाजातले. गावातल्या प्रत्येक लग्नात वाजवतात, पण मांडवात जेवायला त्यांची पंगत वेगळी. पुढे एका लग्नात ते वाजवणं बंद करतात, त्यावरून सगळं. पटकथा पूर्ण होती, नोंदवलेली होती, एक तरुण दिग्दर्शक सोबत होता. भेटीला दहा-पंधरा मिनिटं मिळतात. समोरचा मोबाईलवर वेळ लावूनच बसतो. त्या पाच दिवसांत आम्ही बऱ्याच जणांना भेटलो.

एक निर्माता भेटला. नाव सांगायची गरज नाही, त्याच्यासारखे पन्नास आहेत. म्हणाला, बँड मस्त आहे. रंग आहे, संगीत आहे, लग्न आहे. हे पंगतीचं जरा सौम्य करा ना. जात कशाला, गरीब-श्रीमंत करा. मी विचारलं, गरीब म्हणून पंगत वेगळी बसते का हो कुठे? तो म्हणाला, प्रेक्षकाला ते जड होतं. दुसऱ्या टेबलावर बाहेरच्या देशातल्या एका निधीची बाई होती. तिचं उलट. तिला हवी होती जास्त जात, जास्त मार, जास्त अंधार. तुमचे लोक इतके हसतात कसे, असं तिने विचारलं. आमच्या बँडमधली माणसं पटकथेत हसतात, थट्टा करतात, एकमेकांना शिव्या देतात, हे तिला खोटं वाटलं. एकाला आमचं दुःख कमी करून हवं, दुसरीला वाढवून हवं. आहे तसं कुणालाच नको!

त्या पाच दिवसांत सौदा झाला नाही. पण रिकाम्या हाताने आलो असं मी म्हणणार नाही. पहिलं म्हणजे आमच्या पटकथेचं बजेट किती होईल हे कळलं. घरात बसून आम्ही पाचशे वऱ्हाडी लिहून ठेवले होते. एका निर्मितीवाल्याने बोटावर हिशेब करून दाखवला की यातले साडेचारशे काढले तर चित्रपट होऊ शकतो, आणि गोष्टीला ओरखडाही पडत नाही. दुसरं म्हणजे आपली गोष्ट दोन मिनिटांत सांगता येते की नाही याची परीक्षा झाली. पाचव्या दिवशी आमचा दिग्दर्शक जे दोन वाक्यांत बोलला ते आम्हाला दोन वर्षांत सापडलं नव्हतं. तिसरं म्हणजे ओळखी झाल्या, पण त्या वरच्या नव्हेत. आमच्यासारखेच कोपऱ्यात चहाचा कप धरून उभे असलेले लोक. केरळचे, आसामचे, झारखंडचा एक आदिवासी पोरगा. आम्ही आजही एकमेकांचे खर्डे वाचतो. हे तीन फायदे खरे आहेत. यासाठी महिन्याचा पगार घालवावा का हे ज्याने त्याने ठरवावं. खर्डा अर्धा असेल तर मी म्हणेन घालवू नये. तो पैसा घालून तीन महिने रजा घ्या आणि पटकथा पुरी करा.

त्या निर्मात्याने सौम्य करा म्हटलं, ते हसण्यावारी नेऊ नका. बाजार कथेचं काय करतो याचा धडा आपल्यासमोर आहे. नागराज मंजुळेंनी २०१३ साली ‘फँड्री’ केला, २०१६ साली ‘सैराट’. ‘सैराट’ने शंभर कोटींच्या घरात धंदा केला असं तेव्हा छापून आलं. लगेच हक्कांचा बाजार उठला. कन्नड झाला, पंजाबी झाला, ओडिया झाला, बंगाली झाला, आणि २०१८ साली हिंदीत ‘धडक’ झाला. ‘सैराट’ उभा होता कशावर? पाटलाची पोरगी आणि मासेमारी करणाऱ्या घरातला पोरगा यांच्यामधल्या भिंतीवर. ‘धडक’मध्ये ती भिंत इतकी पुसट झाली की उरलं श्रीमंत घराणं आणि साधा पोरगा. गाणी आली, प्रेम आलं, शेवटचा धक्कासुद्धा आला. भिंत मागेच राहिली. माल म्हणून कथा विकली की घेणारा तिचं हाड काढून मांस शिजवतो. त्याला अडवायचं असेल तर आपल्या लेखणीच्या जोडीला करारही लागतो.

म्हणून आता कायद्याचं बोलतो. कंटाळू नका, लिहून घ्या.

दिल्लीत आर. जी. आनंद नावाचे एक नाटककार होते. त्यांनी १९५३ साली ‘हम हिंदुस्तानी’ नावाचं नाटक लिहिलं. प्रांताप्रांतातला भेदभाव हा विषय. प्रयोग गाजले. मोहन सहगल हे चित्रपटवाले जानेवारी १९५५ मध्ये दिल्लीला आले आणि त्यांनी आनंदांकडून सबंध नाटक ऐकलं. पुढे काही कळवलं नाही. १९५६ साली ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला, विषय तोच, प्रांतभेद. आनंद कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले, हायकोर्टात हरले, आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टातही हरले. नाटक ऐकवलं ते १९५५ साली, शेवटचा निकाल १९७८ साली. निकालात काय म्हटलं? कल्पनेवर, विषयावर, कथासूत्रावर कुणाची मालकी नसते. मालकी असते ती मांडणीवर, ती कल्पना ज्या रूपात उतरवली त्या रूपावर.

हा निकाल आजही लागू आहे आणि फिल्म बाजारात जाणाऱ्याने तो पाठ केला पाहिजे. तिथे पाच दिवसांत तीस माणसांना तुम्ही काय देता? कल्पनाच देता. दोन मिनिटांत तोंडी सांगितलेली गोष्ट म्हणजे कल्पना, तिच्यावर तुमचा हक्क शून्य. पुरी लिहिलेली पटकथा, प्रसंगांचा क्रम, संवाद, त्यावर तुमचा हक्क पक्का. म्हणून मी पुन्हा पुन्हा म्हणतो, पटकथा पुरी केल्याशिवाय तोंड उघडू नका. लिहिल्याक्षणी कॉपीराइट तुमचा होतो, त्याला सरकारी शिक्का लागत नाही. पण तारखेचा पुरावा लागतो. स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही लेखकांची ट्रेड युनियन १९६० पासून नोंदलेली आहे, पूर्वी तिला फिल्म रायटर्स असोसिएशन म्हणत. सभासद व्हा, तिथे पटकथा नोंदवा. अमुक तारखेला हे लिखाण अस्तित्वात होतं एवढा पुरावा त्याने होतो. ज्याला गोष्ट सांगितली त्याला त्याच रात्री ई-मेल करा, आज आपण भेटलो, मी अमुक पटकथा ऐकवली, वाचून कळवा. या दोन ओळी उद्या कोर्टात पाचशे पानांचं काम करतात.

आता करार. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, तोंडी चालत नाही. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरता धरतात. हक्क घेऊन एक वर्षभर वापरलाच नाही तर तो परत तुमचा होतो. कायदा चांगला आहे. पण त्यात एक शेपूट आहे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आणि करार लिहितो कोण? निर्मात्याचा वकील. तो वेगळंच लिहितो. मी पाहिलेल्या एका कसुदीत हक्क सदासर्वकाळ आणि अखिल विश्वात दिले होते. विश्वात! म्हणजे उद्या मंगळावर चित्रपट दाखवला तरी पैसे त्याचे. हसू येतं, पण खाली सही आपल्या पोराची असते आणि दर दीडदमडीचा असतो.

तेव्हा बाजारात कुणी म्हणाला की पटकथा मला द्या, तर सगळे हक्क देऊन मोकळे होऊ नका. ऑप्शन द्या. म्हणजे ठरावीक रक्कम घेऊन बारा किंवा अठरा महिने ती पटकथा त्याच्यासाठी राखून ठेवायची. तेवढ्यात त्याने पैसा उभा केला तर पुढचा करार, नाही केला तर पटकथा घरी परत. रीमेकचे हक्क आणि दुसऱ्या भाषेचे हक्क वेगळे लिहून घ्या. ‘सैराट’नंतर पाच भाषांत काय झालं ते आत्ताच सांगितलं. कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. थिएटरबाहेर, म्हणजे टीव्हीवर वा इतर मार्गाने तुमचं लिखाण वापरलं तर त्याच्या रॉयल्टीतला समान वाटा लेखकाचा, आणि हा हक्क तुम्ही वारस किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज कुणाला देऊच शकत नाही. करारात कुणी सोडायला लावला तरी तो सुटत नाही. आणि लेखक म्हणून नाव? हक्क विकले तरी आपण लेखक आहोत असं सांगायचा अधिकार विकला जात नाही. या गोष्टी माहीत असलेला लेखक टेबलासमोर बसला की समोरच्याचा आवाज बदलतो. हे मी अनुभवाने सांगतो.

कुणी म्हणेल, एवढी वकिली कशाला, आपण कलावंत माणसं. त्याला मी अण्णा भाऊ साठ्यांचं नाव सांगतो. ‘वैजयंता’वर १९६१ साली चित्रपट आला, ‘फकिरा’वर १९६३ साली. पुढेही त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघत राहिले, काही तर १९६९ साली त्यांच्या मृत्यूनंतर पडद्यावर आले. ज्या माणसाच्या कथांनी मराठी पडदा इतकी वर्षं पोसला तो माणूस आयुष्याची कितीतरी वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिला. आम्ही त्यांची जयंती थाटात करतो, डीजे लावतो, कमानी उभारतो. त्यांच्या कथा आणि त्यांची झोपडी यांच्यामधला हिशेब कुणी मांडत नाही. आपली कथा बाजारात पूर्वीपासून आहे, मित्रांनो. तिला गिऱ्हाईक मिळत नाही अशी परिस्थिती कधीच नव्हती. भाव ठरवताना आपला हात रुमालाखाली नव्हता, इतकंच.

तेव्हा बाजारावर थुंकून घरी बसायचं, हा मार्ग मला मान्य नाही. आपल्यातले काही कडवे मित्र म्हणतात, हा भांडवलदारांचा मेळा आहे, तिथे गेलं की माणूस विकला जातो. मी म्हणतो, चित्रपट ही कविता नव्हे. कविता सायक्लोस्टाईल करून वाटता आली. आजही मोबाईलवर टाकता येते. चित्रपटाला लाखो-कोटी रुपये लागतात, आणि ते जिथे असतात तिथे कुणीतरी आपलं जावंच लागतं. प्रश्न फक्त कसं जायचं हा आहे.

म्हणून माझी सूचना ऐका. या गटात बारा-पंधरा जण लिहिणारे आहेत. दर महिन्याला प्रत्येकी शंभर-दोनशे रुपये बाजूला काढा. वर्षाखेर सगळ्यांच्या पटकथा सगळ्यांनी वाचायच्या, उघड उघड फाडायच्या, भाईबंदकी नको. जी पुरी झाली असेल आणि जिच्यामागे दिग्दर्शक उभा असेल अशी एक निवडायची. लॅबला अर्ज सगळ्यांनीच करायचे, कारण निवडीसाठी तिथे पटकथा वाचली जाते, ओळख लागत नाही. पण बाजारात जायचा खर्च त्या एकीसाठी गटाने करायचा. जो जाईल त्याने एकट्याची पटकथा नेऊ नये, सगळ्यांचे एकेक पानाचे सारांश न्यावेत. कोण निर्माता काय विचारतो, कोण दर किती सांगतो, कुणाच्या करारात काय खोच आहे, हे वहीत लिहून आणायचं आणि परत आल्यावर अशाच वर्गात वाचून दाखवायचं. दोन-तीन वर्षांत आपल्याजवळ जी वही तयार होईल ती कुठल्याही फिल्म स्कूलमध्ये शिकवत नाहीत. वरच्या घरातल्या पोरांजवळ ती वही असते. तिला ते काका, मामा, बापाचा मित्र असं म्हणतात.

इंग्रजीची भीती वाटते असं मघाशी एकाने विचारलं. पटकथा मराठीत लिहा. सारांश इंग्रजीत लागतो, तो गटातल्या ज्याला येतं त्याने करून द्यायचा. टेबलावर बोलताना मराठी-हिंदीत बोला, दिग्दर्शकाला भाषांतर करू द्या. फ्रेंच माणूससुद्धा मोडकंतोडकंच इंग्रजी बोलतो आणि कुणी त्याला हसत नाही.

आणि दुःख वाढवून मागणारी ती बाई पुन्हा भेटली, दुःख कमी करून मागणारा तो निर्माता पुन्हा भेटला, तर? बजेट कमी करा म्हणाले तर करा. पात्रं कमी करा म्हणाले तर विचार करा. शेवट बदला म्हणाले तर भांडा. पण पंगत वेगळी बसते ती का वेगळी बसते, एवढं कारण काढून टाका असं म्हणाले, तर पटकथा उचला आणि पुढच्या टेबलाकडे चला. तेवढ्यासाठीच तर आपण लिहायला बसलो होतो. आमची बँडची पटकथा अजून माझ्याकडे आहे. ऑप्शन कुणालाच दिलेला नाही. पंगत आहे तिथेच आहे.

आता कुणाचा खर्डा पुरा झालाय त्याने हात वर करावा. आपण वाचायला सुरुवात करू.